अश्लीलतेचा निकष कोणाचा?

१

मराठी वाङ्मयात अश्लीलतेचा वाद नवा नाही. दर दहा-पंधरा वर्षांनी एखाद्या कथेच्या, नाटकाच्या वा कवितेच्या निमित्ताने तो उभा राहतो, वृत्तपत्रांतून पत्रे येतात, परिसंवाद होतात, एखादा खटला चालतो आणि मग सारे शांत होते. या वादात दोनच पक्ष असल्याचे आपण गृहीत धरत आलो आहोत. एक पक्ष संस्कृतिरक्षकांचा. त्यांना समाजाच्या अभिरुचीची आणि तरुण पिढीच्या चारित्र्याची काळजी असते. दुसरा पक्ष लेखनस्वातंत्र्यवाद्यांचा. त्यांना लेखकाच्या लेखणीची काळजी असते. पहिला पक्ष विचारतो, हे वाचून वाचक बिघडेल काय? दुसरा विचारतो, हे लिहू दिले नाही तर लेखक गुदमरेल काय? ज्या देहाविषयी हे सारे चालले आहे तो देह कोणाचा आहे, तो बाजारात कोणी आणला आणि आणताना त्याला विचारले होते काय, हा प्रश्न मात्र दोन्ही पक्षांच्या कैफियतीत नसतो.

मी मुलचेऱ्यात मराठी शिकवतो. जंगलाच्या या तालुक्यातून पुण्या-मुंबईच्या वादाकडे पाहिले की हा तिसरा प्रश्नच आधी दिसतो. माझे म्हणणे थोडक्यात असे, की उच्चारस्वातंत्र्य हे दलितांच्या आणि आदिवासींच्या हातातले शस्त्र आहे आणि ते बोथट होऊ देणे आपल्याला परवडणारे नाही. परंतु या स्वातंत्र्याचे छत्र कामोत्तेजक बाजाराच्या प्रत्येक मालावर धरता येणार नाही. मर्यादा घालावी लागेल. ती श्लील-अश्लीलाच्या जुन्या रेषेवर घातली तर तिचा पहिला बळी आपण ठरू. ती माणसाच्या संमतीच्या आणि प्रतिष्ठेच्या रेषेवर घातली पाहिजे. हे नुसते मत म्हणून चालणार नाही, त्याची कारणे द्यावी लागतील.

२

प्रथम कायद्याकडे पाहू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने अश्लील पुस्तक विकणे हा गुन्हा ठरवला, पण अश्लील म्हणजे काय ते सांगितले नाही. ती उणीव १८६८ मधील हिक्लिन खटल्याच्या इंग्रजी निवाड्याने भरून काढली. ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडण्याजोगी आहेत त्यांना भ्रष्ट करण्याची प्रवृत्ती ज्या मजकुरात आहे तो अश्लील, अशी ती कसोटी होती. म्हणजे समाजातील सर्वांत दुबळ्या मनाचा वाचक समोर ठेवायचा आणि त्याच्या मापाने सर्वांचे वाचन कापायचे. दुबळ्या मनाचा कोण? न्यायाधीश नव्हे, सरकारी वकील नव्हे. स्त्रिया, मुले, नोकरचाकर आणि गरीब! कसोटीच्या मुळाशीच वर्गाचा अहंकार आहे.

दंडसंहितेत एक अपवाद मात्र पहिल्यापासून होता. देवळावर कोरलेली अथवा रंगवलेली, देवाच्या रथावर काढलेली चित्रे या कलमातून मुक्त होती. आमच्या शेजारच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची देवळे आहेत. विदर्भाचे खजुराहो म्हणून त्यांची ख्याती आहे आणि त्यांच्या भिंतींवर मिथुनशिल्पे आहेत. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. बायाबापड्या, लेकरे सारी तीच शिल्पे पाहत दर्शनाला जातात आणि कोणी बिघडल्याची तक्रार ऐकिवात नाही. ती शिल्पे तेथे असावीत, ती आपल्या कलेचा ठेवा आहेत. मला फक्त एवढेच नमूद करायचे आहे, की धर्माला ही मुभा १८६० पासून मिळाली आणि शास्त्र, साहित्य, कला व विद्या यांना लोकहिताच्या कारणाने मुभा मिळायला १९६९ ची दुरुस्ती उजाडावी लागली. या एकशेनऊ वर्षांत देवळाच्या भिंतीवर जे पवित्र होते तेच शास्त्राच्या पुस्तकात गुन्हा ठरू शकत होते.

याच काळात र. धों. कर्वे होऊन गेले. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीचे कामसुख यांविषयी ते स्पष्ट शब्दांत लिहीत. १९३१ मध्ये त्यांच्यावर पहिला खटला झाला. १९३४ मधील दुसऱ्या खटल्याचा विषय होता वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी दिलेली उत्तरे. या दुसऱ्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. परंतु महाडचा संग्राम आणि गोलमेज परिषद पाठीशी घेऊन उभा असलेला, सबंध अस्पृश्य समाजाचा भार वाहणारा हा पुढारी, ज्याच्याशी नाव जोडले गेले तर प्रतिष्ठित लोक नाक मुरडतील अशा संपादकासाठी न्यायालयात उभा राहिला, ही घटना आपल्या चळवळीच्या इतिहासात जेवढी ठळक असायला हवी तेवढी नाही. याच धाग्याने पुढे जाऊन १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मांडला. तोही फेटाळला गेला.

आता या खटल्यानंतर दोन वर्षांनी काय झाले ते पाहा. जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातील महार स्त्रियांची सभा झाली आणि बाबासाहेबांनी त्यांना हा धंदा सोडून देण्याचे आवाहन केले. वरवर पाहणाऱ्याला यात विसंगती वाटेल. एकीकडे कामविषयक लेखनाचा पुरस्कार आणि दुसरीकडे हे कडक शब्द! माझ्या मते यात विसंगती नाही. कामाविषयी मोकळेपणाने बोलणे ही ज्ञानाची गोष्ट आहे आणि जातीने लादलेला देहविक्रय ही गुलामीची गोष्ट आहे. पहिलीला संरक्षण हवे, दुसरीचा अंत हवा. दोन्ही ठिकाणी ‘लैंगिक’ हा एकच शब्द आला म्हणून दोन्हींना एकाच मापाने मोजणारा माणूस एक तर भोळा असतो किंवा धूर्त. सभा स्त्रियांची होती म्हणून आवाहन स्त्रियांना झाले. गिऱ्हाइकांची सभा कोणी बोलावली नाही आणि त्यांच्यापुढे ही मागणी कोणी ठेवली नाही, हे आपल्या चळवळीचे अर्धवट राहिलेले काम आहे.

३

स्वातंत्र्यानंतर संविधानाने अनुच्छेद १९ मध्ये उच्चारस्वातंत्र्य दिले आणि त्यावरील मर्यादांत सभ्यता व नीतिमत्ता हे शब्द ठेवले. सभ्यता कोणाची आणि नीती कोणाची, हे न्यायालयांना ठरवायचे होते. १९६४ मध्ये रणजित उदेशी या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीबद्दलची शिक्षा कायम केली आणि हिक्लिनची कसोटी, थोडी मवाळ करून का होईना, स्वतंत्र भारतात पुन्हा प्रतिष्ठित केली. खटल्यात अडकला तो स्टॉलवर पुस्तके विकणारा माणूस. १९६९ मध्ये चंद्रकांत काकोडकरांच्या ‘शामा’ या कथेचा निवाडा आला. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील या कथेला उच्च न्यायालयाने अश्लील ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष सोडले. कोवळ्या वयाच्या वाचकाच्या हाती देण्याजोगे नाही एवढ्यावरून पुस्तक अश्लील ठरवायचे तर वाचायला केवळ धार्मिक पुस्तके उरतील, अशा आशयाचे शहाणपण त्या निवाड्यात आहे.

पुढे २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिनला रजा दिली. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची कृष्णवर्णी वाग्दत्त वधू यांचे वर्णद्वेषाविरुद्धचे नग्न छायाचित्र हा त्या खटल्याचा विषय होता. नुसती नग्नता अश्लील नव्हे, हेतू आणि संदर्भ पाहावा, समकालीन समाजाच्या मापाने मोजावे, असे न्यायालयाने म्हटले. पाऊल पुढचे होते हे कबूल केले पाहिजे. परंतु ‘समकालीन समाज’ हे माप हातात घेऊन मुलचेऱ्याला आल्यावर काय होते?

येथे माडिया आणि गोंड आहेत. जुन्या पिढीतील माडिया स्त्रीच्या अंगावर चोळी नसे आणि त्यात तिला वा तिच्या गावाला लाजण्यासारखे काही नव्हते. येथे पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेली आणि शासनाने जंगलात वसवलेली बंगाली कुटुंबे आहेत. त्यांत नमःशूद्र पुष्कळ आहेत. जोगेंद्रनाथ मंडलांच्या ज्या समाजाच्या बळावर १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले, तोच हा समाज. पश्चिम बंगालात तो अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्रात नाही. शिवाय येथे बौद्ध आहेत, तेलुगू बोलणारे आहेत, बदलीवर आलेले कर्मचारी आहेत. बाजाराच्या दिवशी एका रस्त्यावर चार भाषा ऐकू येतात आणि लाज-अब्रूच्या चार कल्पना एकमेकींना खेटून चालतात. यांतला ‘समाज’ कोणता धरायचा? अनुभव असा, की ज्याच्या हाती तक्रार लिहिण्याची लेखणी आणि ठाण्यातली खुर्ची असते त्याचीच अभिरुची ‘समाजाची’ म्हणून नोंदली जाते. माडिया म्हातारीला कोणी साक्षीला बोलावत नाही.

२०१५ मध्ये या कसोटीची आणखी एक बाजू दिसली. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या पत्रिकेत छापली गेली आणि खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने माफी मागितलेल्या प्रकाशकाला मुक्त केले, पण कवीविरुद्धचा आरोप रद्द केला नाही. इतिहासात आदर पावलेल्या व्यक्तीच्या तोंडी तशी भाषा घातली तर समाजाच्या मापाची कसोटी अधिक कडक होते, असे तत्त्व त्यातून आले. आपल्यापैकी काहींना हे तत्त्व आवडेल, उद्या बाबासाहेबांच्या संदर्भात ते उपयोगी पडेल असे वाटेल. त्यांना मी १९८७-८८ ची आठवण देतो. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या वाङ्मयाच्या चौथ्या खंडातील राम-कृष्णाविषयीचे प्रकरण वगळा म्हणून केवढे काहूर उठले, खंड जाळला गेला आणि त्याविरुद्ध मुंबईत आपल्याला लाखोंच्या संख्येने रस्त्यावर यावे लागले. आदरणीयांना जादा संरक्षण द्यायचे ठरले तर ज्यांनी आदरणीयांची चिकित्सा केली त्या फुले-आंबेडकरांचे पहिले नुकसान होते. हा व्यवहार आपल्या तोट्याचा आहे.

४

आता आपल्या वाङ्मयाकडे येतो. १९७२ साली दोन गोष्टी घडल्या. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला आणि ‘साधना’च्या स्वातंत्र्यदिन अंकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. दोन्हींच्या भाषेने पांढरपेशा वाचक हादरला. शिवी, गुप्तांगांची नावे, वेश्यावस्तीचा बाजार हे कवितेत? आणि राष्ट्रध्वजाविषयी ही भाषा? ढाले यांचा मुद्दा साधा होता. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला कायद्यात जेवढी किंमत आहे तेवढीही दलित स्त्रीच्या विटंबनेला नाही. त्या वर्षी परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे बौद्ध स्त्रियांना विवस्त्र करण्यात आले होते. लेखातील शब्दांवर महाराष्ट्र महिनोन्‌महिने बोलला, ब्राह्मणगावच्या स्त्रियांवर किती बोलला?

अश्लीलतेच्या निकषाचे सारे राजकारण येथे उघडे पडते. स्त्रीला विवस्त्र करणे हा ‘अत्याचार’ आणि त्याविषयी संतापाने लिहिणे ही ‘अश्लीलता’! पहिल्याची चौकशी होते, दुसऱ्याचा धिक्कार होतो. चौतीस वर्षांनी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, आमच्याच विदर्भात, भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मायलेकींची जी विटंबना झाली तिच्या वार्ता साऱ्या देशाने वाचल्या. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना खुनासाठी दोषी धरले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू धरला नाही आणि विनयभंगाचे कलमही टिकले नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठातही त्या कायद्याच्या बाबतीत निराळे घडले नाही. छापलेल्या शब्दातली नग्नता ओळखायला शंभर वर्षे तरबेज असलेली आपली व्यवस्था जातीने केलेली नग्नता ओळखताना अडखळते.

‘गोलपिठा’ आणि कामोत्तेजक पुस्तिका यांत फरक काय, असे विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि ‘एक साहित्य आहे, दुसरे नाही’ एवढ्याने त्याचे उत्तर होत नाही. दोन्हींत तेच अवयव आणि तेच शब्द असू शकतात. फरक असा, की ‘गोलपिठा’त विकल्या जाणाऱ्या बाईला भूक आहे, राग आहे, तिच्या जगण्याला कारणे आहेत आणि वाचक सुखरूप राहत नाही. त्या पुस्तिकेत बाईला नाव असले तरी इच्छा नसते. तिचा नकारही होकाराचीच एक तऱ्हा म्हणून लिहिलेला असतो आणि वाचक मालक होतो. मोलकरीण, आदिवासी पोर, ऊसतोडणीला आलेली बाई ही तेथली ठरलेली पात्रे असतात, कारण त्यांच्यावर मालकी असणे वाचकाला आधीपासूनच स्वाभाविक वाटते. जातिव्यवस्थेने दिलेला अधिकार तेथे कामसुखाच्या वेष्टनात परत विकला जातो. अशा लेखनाची परखड समीक्षा झाली पाहिजे. मराठी समीक्षेने त्याला रंजनवाङ्मय म्हणून बाजूला सारले आणि तपासायचे टाळले. तरीही, केवळ कल्पनेने लिहिलेल्या मजकुरासाठी मी पोलीस बोलावणार नाही. त्याचे कारण पुढे येईल.

५

शब्दापेक्षा चित्राचा प्रश्न अवघड आहे, कारण चित्रात खरा माणूस असतो. ‘बँडिट क्वीन’ हा शेखर कपूर यांचा चित्रपट घ्या. फूलनदेवीला गावात विवस्त्र फिरवल्याचे दृश्य त्यात आहे. त्याविरुद्ध एका व्यक्तीने याचिका केली ती आपल्या गुज्जर समाजाची प्रतिमा मलिन होते म्हणून. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाला परवानगी दिली. ही नग्नता वासना चाळवत नाही, किळस आणि करुणा उत्पन्न करते, असे त्याचे कारण होते. श्लीलतेच्या रेषेवर हा निर्णय योग्यच आहे. परंतु फूलनदेवी तेव्हा जिवंत होती. आपल्यावरील बलात्कार आपल्याला न विचारता पडद्यावर दाखवला म्हणून ती स्वतः दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. तो दावा तडजोडीने मिटला. प्रेक्षकाला काय वाटते याचा निवाडा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला, जिच्यावर ते घडले तिला काय वाटते याचा निवाडा झालाच नाही. चित्रपट चांगल्या हेतूने केला होता, हे उत्तर पुरेसे नाही. चांगल्या हेतूनेही दुसऱ्याच्या जखमेवर मालकी सांगता येत नाही.

आदिवासींच्या बाबतीत तर या मालकीला शास्त्राचे आणि कलेचे नाव मिळते. गोटुल हे आमच्या भागात गावाने एकत्र बसण्याचे, निर्णय घेण्याचे, पाहुण्याला उतरवण्याचे ठिकाण आहे. बाहेरून आलेल्या कित्येकांनी त्याचे वर्णन चवीने केले ते मात्र मुक्त कामक्रीडेची जागा म्हणून. माडिया स्त्रीचे छायाचित्र कॅलेंडरवर आणि प्रदर्शनात ‘निसर्गकन्या’ म्हणून लागते. ते अश्लील नव्हे, हे मलाही मान्य आहे. पण तिने ते लावायला होकार दिला होता काय? तेच छायाचित्र शहरातील एखाद्या प्रतिष्ठित घरातील स्त्रीचे, तिला न विचारता काढलेले असते तर आपण त्याला कला म्हटले असते काय? २०१२ मध्ये अंदमानातील जारवा स्त्रियांना खाण्याच्या आमिषाने प्रवाशांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली आणि देश लाजला. त्या स्त्रिया नेहमी जशा राहतात तशाच होत्या. ती चित्रफीत लज्जास्पद केली ती पाहणाऱ्यांच्या हुकमाने.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. मुलचेऱ्यासारख्या ठिकाणी मोबाइलच्या दुकानात गाण्यांबरोबर आणखीही काही कार्डात भरून मिळत असे. आता तर दुकानाचीही गरज उरलेली नाही. २०१५ मध्ये ‘प्रज्वला’ या हैदराबादच्या संस्थेने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या बलात्काराच्या चित्रफिती सरन्यायाधीशांकडे पाठवल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. अशी चित्रफीत हा ‘विचार’ आहे काय, ‘अभिव्यक्ती’ आहे काय? ती गुन्ह्याचाच पुढचा भाग आहे. जितक्या वेळा ती पाहिली जाते तितक्या वेळा गुन्हा घडतो. दुसऱ्याचा चेहरा यंत्राच्या बुद्धीने नग्न देहावर चिकटवणे हेही त्याच जातीचे कृत्य आहे. येथे उच्चारस्वातंत्र्याची ढाल पुढे करणाऱ्याला सांगितले पाहिजे, की स्वातंत्र्य तुझ्या उच्चाराला आहे, तिच्या देहाच्या वापराला नाही.

येथे एक खरी अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मणिपुरात ४ मे २०२३ रोजी जमावाने कुकी स्त्रियांना विवस्त्र करून फिरवले. अडीच महिने राज्ययंत्रणा ढिम्म होती. १९ जुलैला चित्रफीत पसरली आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालय बोलले, केंद्र सरकार बोलले, अटका सुरू झाल्या. म्हणजे जी चित्रफीत त्या स्त्रियांची पुन्हा विटंबना करत होती तीच त्यांच्या बाजूचा पुरावा ठरली. सरसकट बंदी असती तर सत्य दडपणाऱ्यांचे फावले असते, आणि सरसकट मुभा असती तर त्या स्त्रिया कायमच्या लोकांच्या हातात खेळत राहिल्या असत्या. मला वाटते, उत्तर पुन्हा त्या स्त्रीपाशीच शोधावे लागेल. पुरावा न्यायालयात, आयोगापुढे, पत्रकाराकडे जावा, त्याबद्दल कोणाला गुन्हेगार ठरवू नये. बातमी व्हावी, पण चेहरा आणि देह झाकून. आणि जमावाने आपला पराक्रम म्हणून अथवा बघ्यांनी करमणूक म्हणून पुढे ढकललेली प्रत ही साक्ष मानली जाऊ नये. रेषा बारीक आहे, पण आहे.

६

आता पोलीस का नको, त्याचे कारण. अश्लीलतेचा कायदा व्यापक केला की तो कोणावर पडतो याचा इतिहास आपल्यासमोर आहे. २००५ मध्ये महाराष्ट्र शासनाने डान्सबारवर बंदी घातली. कारण सांगितले सभ्यतेचे आणि स्त्रियांच्या शोषणाचे. त्याच कायद्यात तीन तारे वा त्याहून वरच्या दर्जाच्या हॉटेलांना सूट होती! म्हणजे नाच तोच, पाहणाऱ्याचे पाकीट जाड असले की तो सभ्य. परंपरेने नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतील कितीतरी स्त्रियांची भाकरी त्या बंदीने गेली. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवताना हा भेदभाव दाखवून दिला. २०१५ च्या जुलैअखेर केंद्र सरकारने एका फटक्यात ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा हुकूम काढला आणि चारच दिवसांत तो सैल केला. कोणत्या स्थळावरील कोणत्या स्त्रीवर जबरदस्ती झाली, याचा विचार त्या यादीमागे नव्हता.

परदेशातील अनुभवही तपासण्यासारखा आहे. अमेरिकेत कॅथरिन मॅकिनन आणि आंद्रिया ड्वर्किन यांनी १९८३ पासून असा विचार मांडला, की कामोत्तेजक साहित्य हा नीतीचा नव्हे, स्त्रीच्या समान हक्काचा प्रश्न आहे आणि पीडित स्त्रीला नुकसानभरपाई मागता आली पाहिजे. इंडियानापोलिस शहराने त्या धर्तीवर १९८४ मध्ये नियम केला, तो न्यायालयांनी उच्चारस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द केला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या बटलर खटल्यात मात्र स्त्रियांना होणारी हानी हा आधार मान्य केला. परिणाम? जकात अधिकारी व्हँकुव्हरच्या ‘लिटल सिस्टर्स’ या समलिंगी स्त्रीपुरुषांच्या पुस्तकदुकानाची पुस्तके अडवत राहिले आणि त्या दुकानाला २००० पर्यंत न्यायालयात झगडावे लागले. कायद्याची भाषा बदलली तरी तो राबवणारा हात जुनाच राहतो. आपल्या देशात तो हात कोणत्या जातीचा असतो हे सांगायला नको.

म्हणून मर्यादा अरुंद हवी आणि नेमकी हवी. खऱ्या माणसाचे चित्र असेल तेथे पहिला प्रश्न संमतीचा. २०१३ मध्ये दंडसंहितेत आलेली आणि आता भारतीय न्यायसंहितेच्या कलम ७७ मध्ये असलेली तरतूद या दृष्टीने मोलाची आहे. स्त्रीने चित्र काढू दिले पण ते पसरवायला होकार दिला नसेल तर पसरवणे हा गुन्हा आहे, असे ती सांगते. या तरतुदीत स्त्रीला तोंड आहे. अश्लील साहित्याच्या कलमात ती केवळ माल आहे. मूल असेल तेथे संमतीचा प्रश्नच येत नाही, सरळ गुन्हा. दलित-आदिवासी स्त्रीची विवस्त्र विटंबना असेल तेथे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. चित्रफीत काढणे व फिरवणे हा त्या विटंबनेचाच भाग मानून तो आधी लावला पाहिजे, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली ‘अश्लील मजकूर’ म्हणून नोंद करून मोकळे होऊ नये. आणि जेथे सज्ञान माणसांची खरी संमती आहे किंवा जेथे केवळ शब्द व कल्पना आहे, तेथे न्यायालय नव्हे तर समीक्षा हवी. मात्र संमती कागदावरची की पोटाच्या भुकेने काढून घेतलेली, हे विचारण्याचा हक्क सोडून चालणार नाही. कामाठीपुऱ्याने आपल्याला एवढे तरी शिकवले आहे.

१९४८ मध्ये संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी संवैधानिक नीतीचा आग्रह धरला आणि ती अंगवळणी पाडून घ्यावी लागते, असे बजावले. २०१८ मध्ये समलिंगी संबंधांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समाजाच्या नीतीपेक्षा संविधानाची नीती वरचढ मानली. अनुच्छेद १९ मधील ‘नीतिमत्ता’ या शब्दाचा हाच अर्थ आपण लावून घेतला पाहिजे. तसे झाले तर कर्व्यांचा अंक, ढसाळांची कविता आणि माडिया म्हातारीचे उघडे खांदे यांत कोणाला लाज वाटते हा मुद्दा गौण ठरेल, आणि तिला न विचारता तिला विकणारा मात्र कलेच्या वा स्वातंत्र्याच्या आड लपू शकणार नाही.

आमच्या शिक्षकांना एक काम करता येण्याजोगे आहे. वर्गात हा विषय निघाला की आपण पुस्तक मिटतो किंवा विनोद करून वेळ मारून नेतो. मुले मग तेच ज्ञान मोबाइलवर, मालकाच्या नजरेने घेतात. कर्वे नव्वद वर्षांपूर्वी दंड भरून ज्या प्रश्नांची उत्तरे छापत होते, ते प्रश्न आजही मुलचेऱ्याच्या मुलामुलींना आहेत. त्यांची उत्तरे आपण सरळ मराठीत, माडियात, बंगालीत दिली पाहिजेत आणि त्याबरोबर हेही शिकवले पाहिजे, की समोर आलेल्या प्रत्येक चित्राला आधी विचारायचे: ही कोण आहे, आणि तिने हो म्हटले होते का?